विद्यापीठाचा कालवा आणि वसतिगृहाची चारी

पूर्णा नदीवर येलदरी आणि सिद्धेश्वर ही दोन धरणे एकापाठोपाठ उभी आहेत. वरच्या अंगाचे येलदरी पाणी साठविते व त्यावर वीज निर्माण करते. तेथून सुटलेले पाणी खाली औंढा नागनाथ तालुक्यातील सिद्धेश्वर येथे अडविले जाते आणि कालव्यात वळविले जाते. परभणी, हिंगोली व नांदेड या तिन्ही जिल्ह्यांतील शेतीला या कालव्यांचा आधार आहे. साठच्या दशकात हा प्रकल्प आकारास आला, तेव्हा धरण भरले म्हणजे शिवार भिजले अशी भाबडी समजूत सर्वत्र होती. पुढील अर्धशतकाच्या अनुभवाने महाराष्ट्रातील शेतकऱ्याची ही समजूत दूर केली. पाणी धरणात असते, मुख्य कालव्यातही असते. पण वितरिका गाळाने भरलेली, दरवाजा मोडलेला आणि शेतचारी कोणी काढलेलीच नाही, अशी अवस्था असली म्हणजे टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला पाणीपाळीचे वेळापत्रक तेवढे येते. सरकारी दप्तरात मात्र त्याचे शेत 'लाभक्षेत्रात' असते.

विद्यापीठांच्या वसतिगृहांतील वायफायची कथा याहून फारशी निराळी नाही. विद्यापीठाच्या दारापर्यंत प्रचंड क्षमतेची तार येऊन पोहोचली आहे. परिसर 'वायफाययुक्त' असल्याचे माहितीपुस्तिकेत छापले जाते आणि मूल्यांकनासाठी येणाऱ्या समितीपुढे तसा तक्ताही ठेवला जातो. परंतु तिसऱ्या मजल्यावरच्या कोपऱ्यातील खोलीत रात्री दहा वाजता एखादे पान उघडते की नाही, याची नोंद कोठेच नसते. मुख्य कालवा वाहता आहे यावरून चारीत पाणी आहे असे अनुमान काढण्याची जी चूक पाटबंधाऱ्यांच्या बाबतीत झाली, तीच आज उच्च शिक्षणात होत आहे. तिचा फटकाही पुन्हा टेलच्याच माणसाला बसत आहे.

हा टेलचा माणूस कोण, हे प्रथम पाहिले पाहिजे. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. जिल्हा झाला, कार्यालये आली. पण पदव्युत्तर शिक्षणासाठी सिद्धेश्वर, औंढा किंवा वसमत भागातील मुलामुलींना आजही बहुधा जिल्ह्याबाहेरच जावे लागते. कोणी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात जातो, कोणी परभणीच्या कृषी विद्यापीठात, तर कोणी छत्रपती संभाजीनगरला. नांदेडचे विद्यापीठ १९९४ मध्ये स्थापन झाले, तेच मुळी मराठवाड्याच्या दक्षिण भागातील विद्यार्थ्यांना उच्च शिक्षण जवळ मिळावे म्हणून. तथापि विद्यापीठ जवळ आले तरी राहण्याची सोय लागतेच, आणि हळदीच्या वा सोयाबीनच्या उत्पन्नावर चालणाऱ्या कुटुंबाला शहरातील भाड्याची खोली परवडत नाही. वसतिगृहात प्रवेश मिळाला तर शिक्षण पुढे चालते, न मिळाला तर तेथेच थांबते, अशी अनेक घरांची वस्तुस्थिती आहे.

महाराष्ट्राला वसतिगृहाचे हे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृहांची परंपरा सुरू केली. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातिधर्मांच्या मुलांना एकत्र ठेवणारे वसतिगृह चालू केले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादेत महाविद्यालयाचा पाया घातला, त्यामागेही मराठवाड्यातील खेड्यापाड्यांतून येणाऱ्या दलित विद्यार्थ्याचाच विचार होता. या सर्वांच्या दृष्टीने वसतिगृह म्हणजे केवळ झोपण्याची जागा नव्हती. ज्याच्या घरी दिवा नाही, पुस्तक नाही आणि अभ्यासाला जागा नाही, त्याला या तिन्ही गोष्टी मिळवून देणारी ती संस्था होती. आज पुस्तकाचा मोठा भाग संगणकाच्या पडद्यावर गेला आहे. तेव्हा दिवा आणि पुस्तक देण्याची जबाबदारी ज्या संस्थेने एकदा पत्करली, तिला इंटरनेटच्या जोडणीची जबाबदारी टाळता येणार नाही.

दारापर्यंत आलेली तार

सरकारने या बाबतीत काहीच केले नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. शिक्षण व संशोधन संस्था संगणकांनी परस्परांशी जोडण्याचा 'अर्नेट' हा प्रकल्प भारतात १९८६ मध्येच सुरू झाला. २००९ मध्ये माहिती तंत्रज्ञानाच्या साह्याने शिक्षणाचा प्रसार करण्याचे राष्ट्रीय अभियान आले आणि त्यातून विद्यापीठांना सेकंदाला एक गिगाबिट क्षमतेची जोडणी देण्याचे काम हाती घेण्यात आले. मार्च २०१० मध्ये केंद्र सरकारने ५,९९० कोटी रुपयांच्या 'राष्ट्रीय ज्ञान जाळ्या'ला मंजुरी दिली. २०१५ मध्ये 'डिजिटल इंडिया'चा डंका वाजला, तेव्हा सर्व विद्यापीठांत वायफाय हे त्यातील लवकर फळ देणाऱ्या कामांपैकी एक मानले गेले होते. सारांश, धरण बांधले गेले आणि मुख्य कालवाही खोदला गेला.

पुढचे काम मात्र निराळ्या जातीचे आहे. विद्यापीठाच्या सर्व्हरच्या खोलीपासून वसतिगृहाच्या इमारतीपर्यंत जमिनीखालून तार नेणे, प्रत्येक मजल्यावर ती फोडणे आणि जागोजागी छताला बिनतारी लहरी सोडणारी पांढरी चकती, म्हणजे 'ॲक्सेस पॉइंट', बसविणे हे ते काम होय. दिसायला ते किरकोळ आहे. त्याला कोनशिला नाही की फीत नाही. त्यामुळे ते बहुधा सर्वांत कमी दराच्या निविदेवर सोडून दिले जाते.

बिनतारी संदेशवहनाचे शास्त्र मूळचे विद्यापीठातलेच आहे. हवाई विद्यापीठाने १९७१ मध्ये रेडिओलहरींच्या साह्याने बेटाबेटांवरील केंद्रे आपल्या मुख्य संगणकाशी जोडून दाखविली. आजच्या वायफायचे ते पूर्वज होय. अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाने १९९३ मध्ये आपल्या परिसरात बिनतारी जाळे उभारण्यास आरंभ केला. भारतात जानेवारी २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीच्या उपकरणांना परवान्यातून सूट मिळाली, आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्याचा विस्तृत भाग तसाच मोकळा झाला. तेव्हापासून वसतिगृहात वायफाय बसविण्याच्या आड कायदा येत नाही. आड येतात त्या भिंती, गर्दी आणि हिशेब.

भिंतींचे कारण उघड आहे. मार्गिकेच्या मध्यावर एक चकती लावली की नकाशावर संपूर्ण मजला व्यापल्याचे वर्तुळ काढता येते. प्रत्यक्षात लहरींना विटांच्या भिंती, काँक्रीटचे खांब, लोखंडी कपाटे आणि स्नानगृहांतील नळांचे जाळे ओलांडावे लागते. प्रत्येक अडथळ्यागणिक त्यांचा जोर घटतो. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेगवान खऱ्या. पण भिंत ओलांडण्यात त्या अधिक दुबळ्या. परिणामी मार्गिकेत उभे राहणाऱ्याला उत्तम रेंज मिळते आणि टेबलाशी बसणाऱ्याला मिळत नाही. मुले लॅपटॉप घेऊन जिन्यात बसलेली दिसतात ती हौस म्हणून बसत नाहीत.

गर्दीचे गणित याहून महत्त्वाचे आहे. हवा ही सामाईक वाट आहे. एका उपकरणाच्या कक्षेत एका वेळी, एका वाहिनीवर, साधारणपणे एकालाच बोलता येते. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात परस्परांना न छेदणाऱ्या अशा वाहिन्या जेमतेम तीन आहेत. शंभर खोल्यांच्या चार मजली इमारतीत चार चकत्या बसविल्या आणि रात्री नऊनंतर दोनशे फोन त्यांना जोडले गेले, तर दारापाशी गिगाबिट असूनही खोलीत थेंब पडणार. अशा वेळी उपकरणाची शक्ती वाढविण्याची मागणी होते. परंतु शिक्षक मोठ्याने बोलले म्हणून शेवटच्या बाकावरच्या मुलाचा आवाज फळ्यापर्यंत पोहोचत नाही. फोनचा प्रक्षेपक दुबळाच राहतो आणि त्याचे उत्तर चकतीपर्यंत येत नाही. यावर खरा उपाय एकच. कमी शक्तीची अधिक उपकरणे, शक्य तर खोल्यांच्या आत वा दोन-तीन खोल्यांमागे एक अशी, नीट वाहिन्या वाटून बसविली पाहिजेत. म्हणजेच कालवा रुंद करण्यापेक्षा चाऱ्या वाढविल्या पाहिजेत.

तिसरी गोष्ट विजेची. या चकत्यांना वीज बहुधा संदेशाच्या तारेतूनच पुरविली जाते. ती देणारी पेटी जिन्याखालच्या कपाटात असते आणि त्या पेटीचा बॅटरीसंच वर्षा-दोन वर्षांत निकामी होतो. तो बदलण्यासाठी रेक्टरने कोणाला पत्र लिहावयाचे, हेच अनेकदा ठरलेले नसते. स्थावर विभाग संगणक विभागाकडे बोट दाखवितो, संगणक विभाग पुरवठादाराकडे, आणि पुरवठादाराचा देखभाल करार तर केव्हाच संपलेला असतो.

मोबाईल आहे, मग हे कशाला?

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो. २०१६ नंतर मोबाईलवरील इंटरनेट स्वस्त झाले. प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मग विद्यापीठाने वेगळा खर्च का करावा? आक्षेप वरवर सयुक्तिक वाटतो, पण तो टिकणारा नाही. जुलै २०२४ मध्ये प्रमुख खासगी कंपन्यांनी एकाच वेळी दर वाढविले, तेव्हा ही स्वस्ताई कोणाच्या मर्जीवर उभी आहे ते स्पष्ट झाले. शिवाय दिवसाला ठराविक मर्यादेचा डेटा मिळतो. तासाभराचे एक ध्वनिचित्रित व्याख्यान त्यातील काही शे मेगाबाइट खर्चून टाकते, आणि महिन्याच्या अखेरीस रिचार्ज करावा की मेसचे पैसे भरावे असा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहतो, त्याला मोबाईल हे उत्तर पुरत नाही. ज्याच्या वडिलांना दरमहा रिचार्ज परवडतो त्याला वसतिगृहातील वायफाय बंद पडल्याचे फारसे दुःख होत नाही. त्यामुळे तक्रार करण्याची ऐपत ज्यांच्यात आहे त्यांना गरज नसते, आणि गरज असलेल्यांचा आवाज उमटत नाही.

अभ्यासाची साधने आता कोठे आहेत तेही पाहावे. २०१७ मध्ये 'स्वयम्' हे ऑनलाइन अभ्यासक्रमांचे व्यासपीठ सुरू झाले. २०१८ मध्ये 'राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय' देशाला अर्पण करण्यात आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने 'एक राष्ट्र, एक वर्गणी' योजनेस मान्यता दिली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, तेरा हजारांच्या आसपास नियतकालिके आणि सहा हजारांवर सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे. एरवी ज्या संशोधनपत्रिकेची वर्गणी मराठवाड्यातील कोणत्याही ग्रंथालयाला झेपली नसती, ती आता कागदोपत्री प्रत्येक शासकीय विद्यापीठाच्या विद्यार्थ्याची झाली आहे. पण हा ठेवा संस्थेच्या दारातून उघडतो. ग्रंथालय रात्री बंद झाल्यावर त्याचे दार वसतिगृहातच असले पाहिजे. राष्ट्राने वर्गणी भरावी आणि दोनशे पावलांवरच्या खोलीत पत्रिका उघडू नये, यासारखी उधळपट्टी दुसरी नाही.

सिद्धेश्वरच्या परिसराला तर या प्रश्नाचे एक खास कारण आहे. याच औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळा येथे गुरुत्वलहरींचा वेध घेणारी 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा उभी राहत आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये तिला तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह अंतिम मंजुरी मिळाली. प्रत्येकी चार किलोमीटर लांबीच्या दोन बाहूंच्या या यंत्राकडे जगातील पदार्थवैज्ञानिकांचे डोळे लागलेले असतील. अमेरिकेतील तशाच वेधशाळांची निरीक्षणे ठराविक काळानंतर सर्व जगासाठी खुली केली जातात. कोणीही ती उतरवून घ्यावी आणि त्यांवर काम करावे. म्हणजे ज्या गावाच्या शिवेवर हे यंत्र उभे राहत आहे, त्या गावची मुलगी नांदेडच्या वसतिगृहात बसून आजच कृष्णविवरांच्या टकरीची मूळ निरीक्षणे अभ्यासू शकते. तिच्या आड बुद्धी येत नाही, पैसा येत नाही. येते ती मार्गिकेतील बंद पडलेली चकती. वेधशाळेला जमीन देणाऱ्या तालुक्याच्या वाट्याला पहारेकऱ्याच्या नोकऱ्या येणार की संशोधकाच्या, हे काही अंशी अशा क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींवर ठरणार आहे.

शिस्त आणि संशय

वायफाय दिले तर मुले अभ्यास सोडून करमणुकीतच बुडतील, ही चिंता पालकांइतकीच प्राध्यापकांनाही वाटते. ती निराधार नाही. २००७ मध्ये पवईच्या आयआयटीने वसतिगृहांतील इंटरनेट रात्री अकरानंतर बंद ठेवण्याचा निर्णय घेतला होता. मुलांनी वेळेवर झोपावे, खोलीबाहेर पडून माणसांत मिसळावे, असा त्यामागील हेतू सांगितला गेला. हेतू चांगला होता. पण त्या काळी जोडणी तोडली की इंटरनेट संपत असे. आज वायफाय तोडले तर करमणूक फोनवर चालूच राहते आणि खंड पडतो तो लॅपटॉपवरील कामात. बंदीचा भार पुन्हा ज्याच्याकडे डेटा कमी त्याच्यावरच पडतो.

मुलींच्या वसतिगृहांत हा प्रश्न अधिक तीव्र होतो, कारण तेथे शिस्तीच्या नावाखाली वेळेची बंधने अधिक सहजपणे लादली जातात. केरळमधील कोझिकोड जिल्ह्यातील एका महाविद्यालयाने वसतिगृहातील मुलींना संध्याकाळी सहा ते रात्री दहा मोबाईल वापरण्यास बंदी केली आणि ती न पाळणाऱ्या विद्यार्थिनीला वसतिगृहातून काढले. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला. इंटरनेट मिळण्याचा हक्क हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे, असे न्यायालयाने त्या वेळी स्पष्ट केले. हा निकाल महाराष्ट्रातील प्रत्येक वसतिगृहाच्या नियमावलीशेजारी ठेवून वाचण्याजोगा आहे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र गंभीर आहे आणि महाराष्ट्राला त्याचा कटू अनुभव आहे. २००८ च्या बॉम्बस्फोटांच्या वेळी दहशतवाद्यांनी धमकीचे ई-मेल मुंबई-नवी मुंबईतील उघड्या वायफाय जोडण्यांमधून पाठविले. त्यांत एका महाविद्यालयाची जोडणीही होती. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार खात्याने वायफाय वापरणाऱ्याची ओळख नोंदविण्याची सक्ती केली. ती योग्यच आहे. परंतु ओळख पटविणे आणि पाळत ठेवणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. साऱ्या मजल्याला एकच परवलीचा शब्द देणे असुरक्षित, तर कोण काय वाचतो याची यादी रेक्टरच्या टेबलावर ठेवणे अनुचित. प्रत्येक विद्यार्थ्याला त्याचे स्वतःचे नाव व परवलीचा शब्द द्यावा. नोंदी ठराविक मुदतीपुरत्या आणि कायदेशीर मागणीखेरीज कोणालाही न दाखविता जपाव्यात. युरोपात २००३ मध्ये सुरू झालेल्या 'एड्युरोम' या व्यवस्थेत एका विद्यापीठाचा विद्यार्थी आपल्याच नावावर दुसऱ्या विद्यापीठाचे वायफाय वापरू शकतो. भारतात 'अर्नेट'मार्फत ती उपलब्ध आहे. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असल्याने विद्यापीठांना ही काळजी आता ऐच्छिक राहिलेली नाही.

चारीचा धनी कोण?

शेवटी सर्व प्रश्न एका जागी येऊन थांबतात: या जोडणीला धनी कोण? अनुदान उपकरणे खरेदी करण्यासाठी मिळते, ती चालविण्यासाठी मिळत नाही. पाच-सात वर्षांत उपकरणे जुनी होतात, आणि नवी योजना येईपर्यंत त्यांच्या जागी छताला केवळ भोके उरतात. सिंचनातही हेच घडले होते. तेथे महाराष्ट्राने २००५ मध्ये कायदा करून पाणीवापर संस्थांना अधिकार दिले. पाणी मोजून घ्यावे, चारी शेतकऱ्यांनी सांभाळावी आणि टेलच्या शेताचा हक्क आधी पाहावा, हे त्यामागचे तत्त्व होते. सर्वत्र ते यशस्वी झाले नाही हे खरे. पण जेथे शेतकऱ्यांनी मोजमाप हाती घेतले तेथे तक्रारीला आकड्याचे बळ मिळाले.

वसतिगृहांनी हे तत्त्व उचलण्यास हरकत नाही. पाणी व वीज यांच्या बरोबरीने इंटरनेट ही वसतिगृहाची मूलभूत सोय मानून अंदाजपत्रकात तिच्यासाठी कायम स्वरूपाची तरतूद करावी. खरेदी आणि पाच वर्षांची देखभाल एकाच निविदेत असावी. ठेकेदाराचे अखेरचे बिल देण्यापूर्वी प्रत्येक खोलीत, दार लावून, रात्री नऊ ते अकरा या वेळात मोजणी करावी. दुपारी मार्गिकेत उभे राहून केलेली मोजणी ग्राह्य धरू नये. प्रत्येक वसतिगृहात मुलामुलींची एक लहान समिती असावी, तिने दरमहा ही मोजणी करून फलकावर लावावी आणि बिघाड किती दिवसांत दूर झाला हेही लिहावे. मुलींच्या व मुलांच्या वसतिगृहांतील जोडणीच्या वेळा एकच असाव्यात. विद्यापीठांच्या अधिसभेत आणि व्यवस्थापन परिषदेत दर वर्षी या नोंदी मांडल्या गेल्या, तर 'वायफाययुक्त परिसर' या शब्दांना काही अर्थ येईल.

ज्यांना वसतिगृह मिळतच नाही त्यांचा प्रश्न याहून मोठा आहे. स्वाधारसारख्या योजनांतून मिळणाऱ्या रकमेवर ते गावात खोली घेऊन राहतात. विद्यापीठाचे व महाविद्यालयांचे अभ्यासकक्ष रात्री उशिरापर्यंत त्यांच्यासाठी जोडणीसह उघडे ठेवणे, एवढे तरी विनाविलंब करता येण्यासारखे आहे.

सिद्धेश्वरजवळून वाहणारी पूर्णा पुढे गोदावरीला मिळते आणि ते पाणी नांदेडकडे जाते. त्याच दिशेने दर जून-जुलैत पेटी आणि वळकटी घेऊन मुले निघतात. त्यांच्यासाठी विद्यापीठाने काय केले, याचा निकाल दारापर्यंत आलेल्या गिगाबिटवरून लागणार नाही. वरच्या मजल्यावरची शेवटची खोली, रात्रीचे दहा आणि उघडलेले किंवा न उघडलेले एक पान, एवढ्यावरून तो लागेल. विद्यापीठांनी ही परीक्षा स्वतः होऊन द्यावी.